कातिन ते वळीवडे : एका पोलिश चित्रपटाच्या निमित्ताने



मी चित्रपटाचा जाणकार नाही. बी. कॉम. झालो, बँकेत लागलो आणि पस्तीस वर्षे आकड्यांत घालवून निवृत्त झालो. मुलगा इथल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये नोकरीला असल्याने आता कडोदऱ्यात स्थायिक आहे. तरीही आज एका पोलिश चित्रपटाविषयी लिहीत आहे. कारण तो चित्रपट पाहताना मला माझ्याच नोकरीतली एक राहून गेलेली गोष्ट आठवली. शिवाय तिचा संबंध महाराष्ट्राशी आणि गुजरातशीही आहे, म्हणजे आपल्या दोन्ही घरांशी.

चित्रपटाचे नाव ‘कातिन’. दिग्दर्शक आंजेय वायदा. साल २००७. नातीने दिवाळीच्या सुट्टीत तो घरी लावला. इंग्रजी अक्षरे वाचत वाचत आम्ही दोघांनी तो पाहिला. संपल्यावर ती म्हणाली, “आजोबा, किती लांबची गोष्ट ना!” मी म्हटले, “लांबची नाही गं. यातल्यासारख्या बायकामुलांची राहण्याची जागा मी बँकेच्या कामाने मोजून आलोय.”

आधी इतिहास थोडक्यात

१ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरच्या जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला. १७ सप्टेंबरला स्टालिनच्या सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून सैन्य घुसवले. दोघांनी मिळून देश वाटून घेतला. रशियाच्या हाती लागलेल्या पोलिश अधिकाऱ्यांना कोझेल्स्क, स्तारोबेल्स्क आणि ओस्ताश्कोव येथील छावण्यांत ठेवण्यात आले. हे सगळे पेशाने शिपाईगडी नव्हते. राखीव दलातून बोलावलेले डॉक्टर, वकील, शिक्षक, इंजिनीअर असे पुष्कळ होते. ओस्ताश्कोवमध्ये मुख्यतः पोलीस होते.

५ मार्च १९४० रोजी मॉस्कोत स्टालिन व त्याच्या सहकाऱ्यांनी एका कागदावर सह्या केल्या. त्यानंतर एप्रिल-मे महिन्यांत या तीन छावण्यांतले आणि तुरुंगांतले मिळून सुमारे २२,००० पोलिश कैदी डोक्यात मागून गोळी घालून मारण्यात आले. कोझेल्स्कचे कैदी स्मोलेन्स्कजवळच्या कातिनच्या जंगलात पुरले गेले. त्यावरून या साऱ्या हत्याकांडाला कातिन हे नाव पडले.

त्याच वेळी या कैद्यांच्या घरच्यांचीही रवानगी सुरू झाली. १३ एप्रिल १९४० च्या रात्रीपासून बायका, मुले, म्हातारे आई-वडील यांना मालगाडीच्या डब्यांत घालून कझाकस्तानकडे पाठवले गेले. त्याआधी फेब्रुवारीत, कडाक्याच्या थंडीत, हजारो शेतकरी व वनरक्षक कुटुंबे सायबेरियाकडे गेली होती. नवऱ्याचे काय झाले हे या बायकांना ठाऊक नव्हते. वसंत ऋतूनंतर पत्रे येणे बंद झाले, एवढेच त्यांना कळले.

चित्रपट काय दाखवतो

सुरुवातीलाच एक पूल आहे. एका बाजूने जर्मनांपासून पळणारे लोक येतात, दुसऱ्या बाजूने रशियनांपासून पळणारे, आणि दोन्ही घोळके पुलावर समोरासमोर येतात. कोणी कुठे जायचे? एवढ्या एका दृश्यात त्या देशाची अवस्था समजते.

आन्ना ही एका कॅप्टनची बायको आहे. नवऱ्याला ती पळून चल म्हणते. तो सैनिकाची शपथ मोडायला तयार होत नाही आणि कैदेत जातो. छावणीत तो एका छोट्या वहीत रोजचा दिवस टिपून ठेवतो. इकडे त्याचे वडील क्राकोवच्या विद्यापीठात प्राध्यापक असतात. त्यांना इतर प्राध्यापकांबरोबर जर्मन पकडून नेतात आणि ते जर्मन छावणीत मरतात. एका घरातले दोन पुरुष दोन वेगवेगळ्या शत्रूंनी संपवले.

पुढे कातिनच्या मृतांची यादी प्रसिद्ध होते. तीत कॅप्टनचे नाव नसते, म्हणून आन्नाला वाटते की तो जिवंत आहे. खरी गोष्ट अशी की छावणीत थंडी वाजते म्हणून त्याला एका मित्राने आपला स्वेटर दिलेला असतो आणि स्वेटरवर मित्राचे नाव असते. प्रेताची ओळख त्या नावाने झाली. एका स्वेटरमुळे एका घरात खोटी आशा राहिली आणि जिवंत माणसाचे नाव मृतांच्या यादीत गेले.

पण मला सगळ्यात लागून राहिला तो नंतरचा भाग. युद्ध संपले आहे. पोलंडमध्ये रशियाच्या मर्जीतले सरकार आहे. एका तरुणीला आपल्या मारल्या गेलेल्या भावासाठी थडग्याचा दगड बसवायचा आहे. पैसे नाहीत म्हणून ती आपले लांब केस नाटक कंपनीला विकते. दगड तयार होतो. त्यावर भावाचे नाव, कातिन हे ठिकाण आणि १९४० हे साल असते. दगड फोडला जातो आणि तिला अटक होते. तिचा गुन्हा एवढाच, की दगडावर खरे साल कोरले.

सगळे तारखेवर कसे येऊन ठेपले

साल कोरल्यावरून अटक का, हे समजून घेतले तर चित्रपट समजतो.

१३ एप्रिल १९४३ रोजी जर्मन रेडिओने जाहीर केले की कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची प्रेते सापडली आहेत व हे काम रशियाचे आहे. रशियाने उलट सांगितले की हे जर्मनांनीच केले, आणि तेही १९४१ मध्ये, त्यांचे सैन्य तिथे पोहोचल्यावर. १९४४ च्या जानेवारीत सोव्हिएत आयोगाने तसा निष्कर्षही दिला. म्हणजे १९४० म्हटले तर गुन्हेगार रशिया, कारण तेव्हा तो मुलूख त्याच्या ताब्यात होता. १९४१ म्हटले तर गुन्हेगार जर्मनी. सारा खोटेपणा एका तारखेवर उभा होता.

आम्ही बँकवाले लोक ही गोष्ट लगेच ओळखतो. व्हाउचरवरची रक्कम बरोबर, सही बरोबर, पण तारीख मागे-पुढे केलेली असली तर आतला सगळा व्यवहार संशयाचा. कातिनच्या प्रेतांच्या खिशांत पत्रे, वर्तमानपत्रांचे कपटे, डायऱ्या सापडल्या. त्यांवरच्या नोंदी १९४० च्या वसंत ऋतूत थांबतात. चित्रपटाच्या शेवटी कॅप्टनची वही घरी पोहोचते. नोंदी संपतात आणि पुढची पाने कोरी. त्या कोऱ्या पानांनंतर वायदा आपल्याला ते जंगल दाखवतो. तो भाग लहान मुलांसोबत पाहू नये.

वायदा यांचे वडील यांच वर्षी याच हुकुमाने मारले गेले होते. मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा. पोलंडमध्ये साम्यवादी राजवट असेपर्यंत त्यांना हा चित्रपट काढता येणे शक्य नव्हते. रशियाने गुन्हा कबूल केला तो १३ एप्रिल १९९० रोजी. चित्रपट आला तेव्हा वायदा एक्क्याऐंशी वर्षांचे होते. तो त्यांनी आपल्या आई-वडिलांना अर्पण केला आहे.

१३ एप्रिल ही तारीख आपण जालियनवाला बागेसाठी लक्षात ठेवतो. पोलंडमध्येही आता तो कातिनच्या स्मरणाचा दिवस आहे.

आता कोल्हापूर

१९४१ च्या जूनमध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला. मग रशियाला मित्र हवे झाले. जुलैअखेर लंडनमधल्या पोलिश सरकारशी करार झाला आणि हद्दपार पोलिश लोकांना सोडण्याचे ठरले. जनरल आंदेर्स यांनी त्यांतून सैन्य उभे केले. १९४२ मध्ये हे सैन्य आणि त्याच्यासोबत हजारो बायकामुले कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. उपासमार, टायफॉईड, अंगावर चिंध्या. पुरुष पुढे लढायला गेले. बायकामुलांना ठेवायचे कुठे? काही पूर्व आफ्रिकेत गेली, काही न्यूझीलंडला, काही मेक्सिकोला आणि काही हिंदुस्थानात.

हिंदुस्थानात पहिला मोठा आसरा मिळाला आपल्या गुजरातेत. नवानगरचे महाराजा जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये जामनगरजवळ समुद्रकाठी बालाचडी येथे अनाथ पोलिश मुलांसाठी छावणी उभी केली. त्या जागी आज सैनिक शाळा आहे. वॉर्सामध्ये त्यांच्या नावाने ‘भल्या महाराजांचा चौक’ आहे. ही गोष्ट गुजरातेत बऱ्याच जणांना माहीत असते.

वळीवडे मात्र महाराष्ट्रातही अनेकांना माहीत नाही. कोल्हापूर संस्थानात, शहरापासून थोड्या अंतरावर, मिरजेच्या रेल्वेमार्गावरच्या वळीवडे स्टेशनलगत १९४३ मध्ये मोठी छावणी बांधली गेली. इराणातून कराचीमार्गे आलेले सुमारे ५,००० पोलिश लोक तिथे १९४८ पर्यंत राहिले. बहुतेक स्त्रिया आणि मुले. खर्च लंडनमधले पोलिश सरकार करत असे. बराकींच्या रांगा, चर्च, दवाखाना, बालवाडीपासून कॉलेजात जाण्याच्या तयारीपर्यंतच्या शाळा, बालवीरांची पथके, नाटके, पंचगंगेत पोहणे. कोल्हापूरचे व्यापारी तिथे माल घेऊन जात. अशक्त मुलांसाठी पाचगणीला आरोग्यधाम होते. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली तेव्हा तिथली उरलेली मुलेही वळीवड्याला आली.

इथे एक फरक सांगायला हवा. छावणी म्हटले की सगळ्या सारख्या नसतात. त्याच युद्धात नगर आणि देवळाली येथे ब्रिटिशांनी जर्मन नागरिकांना कैदेत ठेवले होते. पुरंदर किल्ल्यावर आणि साताऱ्यातही शत्रुदेशांच्या कुटुंबांना नजरकैदेत ठेवले. त्या बंदी छावण्या होत्या. वळीवडे ही आसऱ्याची छावणी. बराकी एकसारख्या दिसतील, पण एकीत माणूस बाहेर पडू नये म्हणून ठेवलेला असतो, तर दुसरीत तो जगावा म्हणून. वळीवड्याच्या बायकांनी दोन्ही पाहिल्या.

आणि त्यांतल्या काही अशाच होत्या, ज्यांचे नवरे कोझेल्स्कला गेले व पत्रे थांबली. चित्रपटातली आन्ना क्राकोवमध्ये वाट पाहते. कोल्हापूरच्या उन्हात, पोस्टमनची वाट पाहत बसलेल्या आन्नाही होत्या. इतरांचे नवरे व मुलगे आंदेर्स यांच्या सैन्यातून इटलीत लढत होते. त्याच इटलीत, त्याच आठव्या ब्रिटिश सैन्यात, आपले मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इटलीतल्याच लढाईत. घाडगे परत आले नाहीत. म्हणजे त्यांची बायकामुले आमच्या मुलखात आणि आमची मुले त्यांच्या नवऱ्यांच्या आघाडीवर.

१९४५ च्या जुलैमध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या गावांतून हे लोक हद्दपार झाले होते ती गावे रशियाच्या हद्दीत गेली. युद्ध जिंकलेल्या बाजूला असूनही परतायला घर उरले नाही. १९४७-४८ मध्ये कोणी ब्रिटनला, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी अमेरिका-कॅनडाला गेले. काही पोलंडला परतले. एक मुलगी कोल्हापूरच्याच तरुणाशी लग्न करून इथेच राहिली, मराठी संसार केला.

मी काय विचारले नाही

फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांना याच रिकाम्या होणाऱ्या छावणीत जागा देण्यात आली. एका देशातून हाकललेल्यांच्या बराकीत दुसऱ्या देशातून हाकललेले आले. ती वस्ती म्हणजे आजचे गांधीनगर, कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ. आणि त्या बाजारात कापड कुठून येते? बरेचसे सुरतेहून!

नव्वद सालाच्या आसपास मी तिथल्या एका शाखेत तीन वर्षे होतो. सुरतेवर काढलेले डिमांड ड्राफ्ट लिहिता लिहिता हात दुखे. पुढे आपण याच सुरतेच्या वेशीवर राहायला येऊ, हे तेव्हा स्वप्नातही नव्हते.

एकदा कॅश क्रेडिटच्या तपासणीसाठी एका व्यापाऱ्याच्या गोडाऊनवर गेलो. लांबट, बैठी, कौलारू इमारत. आत साड्यांचे गठ्ठे. मी टेप लावून लांबी-रुंदी मोजत होतो. व्यापाऱ्याचे वडील खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, “साहेब, ही बराक आमची नाही. आमच्या आधी इथं पोलंडवाले राहत होते. आम्ही आलो तेव्हा त्यांतले काही इथंच होते.” मी म्हणालो, “असं का?” आणि पुढचा गठ्ठा मोजला. स्टॉक स्टेटमेंट पाच वाजेपर्यंत पाठवायचे होते.

त्यांच्याशी कोण बोलले, काय बोलले, भाषा कुठली, ते गेले तेव्हा मागे काय ठेवून गेले, यातले एकही मी विचारले नाही. तीन वर्षांत दर तीन महिन्यांनी त्यांना भेटत होतो. माझी बदली झाली. काही वर्षांनी कळले की ते वारले. त्या गोडाऊनची लांबी-रुंदी बँकेच्या फायलीत नीट नोंदलेली असेल. त्या माणसाच्या आठवणीची नोंद कुठेच नाही.

नातीने हे ऐकून विचारले, “का नाही विचारलंत?” माझ्याकडे उत्तर नव्हते. वेळ नव्हता, असे म्हणालो. ते काही उत्तर नाही.

ज्यांनी आठवण ठेवली

पोलिश लोकांनी मात्र ठेवली. हिंदुस्थानात राहून गेलेल्यांनी जगभर पांगल्यावर आपले मंडळ स्थापन केले. ते मेळावे भरवत, एकमेकांना शोधून काढत, आणि त्यांनी १९४२ ते १९४८ या काळातल्या आठवणी व कागदपत्रांचा जाडजूड ग्रंथ तयार केला. पोलंडमध्ये राहिलेल्यांना सायबेरियाविषयी उघड बोलता येत नव्हते, तेव्हा बाहेरच्यांनी लिहून ठेवले. ते तुमच्या-आमच्यासारखेच मंडळ होते. सभासद, वर्गणी, वार्षिक भेट, आणि जुन्या शाळेच्या गप्पा.

कोल्हापुरातही खुणा आहेत. महावीर उद्यानात त्यांनी १९९८ मध्ये उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. शहरात पोलिश लोकांची दफनभूमी आहे. ज्या देशात कातिनचा दगड फोडला जात होता, त्या देशाच्या लेकरांची थडगी कोल्हापूरच्या मातीत राहिली. सप्टेंबर २०१९ मध्ये वळीवड्यात पोलंडच्या मंत्र्यांच्या उपस्थितीत स्मारकस्तंभाचे अनावरण झाले. २१ ऑगस्ट २०२४ रोजी आपले पंतप्रधान वॉर्साला गेले, तेव्हा त्यांनी जामसाहेबांच्या आणि कोल्हापूरच्या, अशा दोन्ही स्मारकांवर फुले वाहिली. टीव्हीवर ती बातमी पाहिलेल्या अनेकांना ‘कोल्हापूर’ तिथे कसे, हा प्रश्न पडला असेल. त्याचे उत्तर वर दिले आहे.

एक विनंती

चित्रपट जरूर पहा. मोठ्यांनी पहा, आणि पाहून झाल्यावर मुलांना गोष्ट सांगा. कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जाल तेव्हा महावीर उद्यानात पाच मिनिटे थांबा. जामनगर-द्वारकेला जाल तेव्हा बालाचडी वाटेपासून फार दूर नाही.

दुसरी विनंती घरातल्या माणसांविषयी. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे खानदेशातून, कोकणातून, देशावरून सुरतेला आली. कोणी लूमवर, कोणी मिलमध्ये, कोणी साखर कारखान्यावर. १९९४ च्या प्लेगच्या वेळी गावी पळालेले आणि परत आलेले आपल्यात आहेत. २००६ च्या तापीच्या पुरात घर गमावलेले आहेत. आपल्यावर कातिनसारखे संकट आले नाही, ही ईश्वराची कृपा. पण घर सोडून आलेल्या पहिल्या माणसाचे नाव, गाव, साल, गाडी आणि पहिली खोली कोणाला सांगता येईल? सांगू शकणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

म्हणून एक साधी वही घ्या. शंभर पानी पुरे. आजी-आजोबांसमोर बसा आणि तीन गोष्टी न चुकता लिहा : नाव, ठिकाण, तारीख. शैलीची चिंता नको. ज्यांना लिहायला वेळ नाही त्यांच्या घरी मी येऊन लिहून घेईन. निवृत्त माणसाला वेळच वेळ आहे, आणि अक्षर अजून बरे आहे. जमलेल्या वह्या मंडळाच्या कपाटात ठेवण्याची परवानगी कार्यकारिणीने द्यावी, अशी विनंती करून थांबतो.

माझी वही मी सुरू केली आहे. पहिल्या पानावर गांधीनगरच्या त्या आजोबांचे एवढे एकच वाक्य लिहिले आहे. त्यापुढे लिहायला माझ्याकडे काही नाही, म्हणून बाकीचे पान कोरे सोडले आहे.